ॲपल बटरमध्ये लोणी नसतं, आणि घातलेली रम उडूनही जात नाही

दुकानात जॅमच्या फळीवर 'ॲपल बटर' लिहिलेली बरणी दिसली की आधी लोण्याचाच विचार येतो. बरणी फिरवून घटक वाचावेत तर सफरचंद, साखर, दालचिनी, लवंग. दुधाचा थेंब नाही. पाककृती शोधायला जावं तर बऱ्याच ठिकाणी शेवटी 'थोडी रम किंवा बर्बन' (मक्यापासून केलेली अमेरिकन व्हिस्की) असं सहज लिहिलेलं असतं, आणि मग स्वयंपाकघरात वाद सुरू होतो. शिजवल्यावर दारू राहते का? राहत नसेल तर घालायची कशाला, आणि राहत असेल तर मुलांना कसं द्यायचं? दारू आहे म्हणजे बरणी वर्षभर टिकेल का?

उत्तरं सोपी आहेत, पण ती पटायला पातेल्यात काय चाललंय हे आधी कळायला हवं.

नाव बटर, काम आटवण्याचं

इंग्रजीत फळांच्या पदार्थांना दुधातली नावं देण्याची जुनी खोड आहे. लोण्यासारखं पावावर पसरतं ते 'बटर', सुरीने वडी कापता येते ते 'चीज'. गोव्यात नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळात, पेरूची पेराद असते, तिला इंग्रजीत 'ग्वावा चीज' म्हणतात. त्यातही चीज नाही.

दोन्हींत फरक आहे तो पाण्याचा. फळ शिजवून गाळलं की पातळ गर. तो आटवून दाट केला की बटर, आणखी आटवून साच्यात थापला की पेराद. कोकणातला आंबा मावा याच जिन्यावर बसतो. पुरण आटवलेल्या हाताला यात नवं काही नाही: पाणी घालवायचं आणि खाली लागू द्यायचं नाही.

१०० ग्रॅम सफरचंदात सुमारे ८५ ग्रॅम पाणी असतं. उरलेल्यात साखर, आम्ल अशी विरघळलेली द्रव्यं १२-१३ ग्रॅम. या विरघळलेल्या ऐवजाला 'विद्राव्य घन' म्हणतात, आणि सगळा खेळ त्याच्या टक्क्यांचा आहे. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे फ्रूट बटरमध्ये ते किमान ४३ टक्के असावे लागतात. आपल्याकडे जॅमला किमान ६५ टक्के लागतात. म्हणजे बटर जॅमपेक्षा बरंच कमी गोड, आणि तितकंच जास्त ओलं. उघडल्यावर ते जॅमइतकं का टिकत नाही, याचं कारण याच आकड्यात आहे.

हा पदार्थ युरोपातल्या सफरचंदाच्या मुलखांतला. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर ज्येष्ठमध घालून काळंभोर 'ब्लॅक बटर' करतात. जर्मन भाषक कुटुंबांबरोबर तो अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात गेला. तिथे शरद ऋतूत अंगणात तांब्याचा हंडा चढे, आदल्या रात्री शेजारीपाजारी मिळून सफरचंदं चिरत आणि दुसऱ्या दिवशी लांब दांड्याच्या लाकडी फळीने दिवसभर घोटत. हंड्यात तांब्याची नाणी टाकायचीही चाल होती, ती तळाशी फिरत राहावीत आणि गर चिकटू नये म्हणून. दारूची जोडही तिथलीच: सफरचंदाच्या मुलखात सफरचंदाचीच ब्रँडी, दक्षिणेकडे बर्बन. आपल्याकडे मळीपासून केलेली डार्क रम सहज मिळते, आणि दालचिनीशी तिचं चांगलं जमतं.

एक घोळ इथेच मिटवू. अमेरिकन कृतीत 'ॲपल सायडर' असेल तर तो बहुतेक वेळा न गाळलेला, बिनदारूचा ताजा रस असतो. इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ आंबवलेलं मद्य.

सामान

२ किलो सफरचंदं, पाव लिटर पाणी, ३०० ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे (३० मिली) लिंबाचा रस, दीड छोटा चमचा दालचिनीची पूड, अर्धा छोटा चमचा सुंठ, पाव छोटा चमचा लवंगेची पूड, तितकंच किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ, आणि ६० मिली डार्क रम किंवा ब्रँडी. शेवटी साधारण १ किलो १०० ग्रॅम बटर हाती येतं, म्हणजे पाव लिटरच्या चार बरण्या.

ऑगस्टपासून हिमाचल आणि काश्मीरची लाल डिलिशियस बाजारात येतात. ती गोड असतात पण आंबटपणा कमी, म्हणून लिंबू वगळू नका. त्यांत चार-पाच हिरवी आंबट सफरचंदं मिसळली तर चव उभी राहते. नुसत्या हिरव्यांचं केलंत तर साखर ४०० ग्रॅमपर्यंत न्यावी लागेल. डागी, थोडी सुरकुतलेली फळं चालतात. बुरशी आलेलं फळ मात्र कापून वाचवू नका, पूर्ण टाका. बुरशीचं विष डागाच्या पलीकडेही पसरलेलं असू शकतं आणि शिजवून ते भरवशाने जात नाही.

साखरेऐवजी गूळ? अर्धा घाला. पूर्ण गुळाचं केलं तर ती गुळाचीच चव होते.

गर: साल ठेवा, बिया काढा

परदेशी सफरचंदांवर मेण असतं, ती कोमट पाण्यात चोळून धुवा. चार फोडी करा, बियांचा गाभा काढा, साल राहू द्या. सालीलगत पेक्टिन जास्त असतं. पेक्टिन म्हणजे फळातला नैसर्गिक डिंक, जो गराला एकत्र धरून ठेवतो. रंगही सालीतून उतरतो. बिया मात्र मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. सफरचंदाच्या बिया चिरडल्या की त्यांतून सायनाइड तयार करणारं द्रव्य मोकळं होतं. दोन-चार बियांनी कुणाला काही होत नाही, पण कडवटपणा येतो.

फोडी पाव लिटर पाण्यात झाकण ठेवून २५ ते ३० मिनिटं शिजवा. साल सुटून गुंडाळी व्हायला लागली की झालं. घाई असेल तर कुकरला एक शिट्टी. मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून गर काढा, साल वरच राहते. मिक्सरमध्ये सालीसकट वाटता येतं, पण चाळणीतून गाळलं नाही तर बटर रवाळ लागतं, आणि नंतर कितीही घोटलं तरी तो रवाळपणा जात नाही.

आटवणं: इथे दोन तास द्या

भांडं पसरट आणि जाड बुडाचं हवं. पाणी वरच्या पृष्ठभागातून जातं, म्हणून उंच पातेल्यात जे काम तीन तासांत होतं ते पसरट भांड्यात दोन तासांत होतं. स्टील उत्तम. लोखंडी कढईत आंबट गर काळा पडतो आणि लोखंडाची चव धरतो. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई आधी बघा. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट कळकतं हे सांगायला नको. मग पेनसिल्व्हेनियातले तांब्याचे हंडे? ते दर वेळी व्हिनेगर-मिठाने लखलखीत घासून घेतात आणि तयार बटर त्यात गार होऊ देत नाहीत. एवढं सांभाळायचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पहिला पाऊण तास मध्यम आच चालते. गर पातळ असतो, अधूनमधून ढवळलं तरी पुरतं. तो एक तृतीयांश आटला की साखर, लिंबू आणि मीठ घाला. साखर सुरुवातीलाच घातली तर खाली लागण्याची भीती दुप्पट, कारण जड पाक तळाशी बसतो. साखर पडल्यावर गर पुन्हा सैल होईल, घाबरू नका.

यानंतर आच मंद करा. आता पिठल्यासारखे फदफद बुडबुडे फुटायला लागतात आणि शिंतोडे उडतात. पाण्यापेक्षा हा चटका वाईट, कारण गर कातडीला चिकटून राहतो. लांब दांड्याचं उलथनं घ्या, बाहीचा सदरा घाला, आणि भांड्याच्या काठावर लाकडी चमचा आडवा ठेवून त्यावर झाकण तिरकं टेकवा. वाफ जाते, शिंतोडे अडतात. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र झाकण बाजूला आणि हात सतत तळाशी. बासुंदी आटताना बदामी होते तसा गर हळूहळू विटकरी, मग गडद तांबूस होत जातो. वेळ वाचवायला आच वाढवली तर पाणी जाईल, पण हा रंग आणि त्याबरोबर येणारी चव जमायला वेळच लागतो.

खाली लागल्याचा वास आला तर ढवळू नका. गॅस बंद करा, वरचा गर दुसऱ्या भांड्यात अलगद ओता आणि तळ अजिबात खरवडू नका. बहुतेक वेळा चार-पंचमांश माल वाचतो. एकदा करपलेला थर ढवळून मिसळला की कुठलाच मसाला त्यावर पांघरूण घालू शकत नाही.

आटवायला कुकर वापरू का, असं विचारलं जातं. नको. झाकण लावल्यावर पाणी जायला वाट नाही, दाट गर तळाला करपतो आणि शिट्टीच्या नळीत अडकला तर धोका आहे. ओव्हन चालतो: १३० अंशांवर, रुंद ट्रेमध्ये, दर २० मिनिटांनी ढवळून. वेळ जास्त जातो, पण शिंतोडे नाहीत.

झालं हे ओळखायचं कसं?

सर्वांत खात्रीचा उपाय वजनकाटा. रिकाम्या भांड्याचं वजन सुरुवातीलाच लिहून ठेवा. १ किलो ७०० ग्रॅम गरातली विद्राव्य द्रव्यं साधारण २१० ग्रॅम, त्यात साखर ३००, मिळून ५१०. आतला ऐवज १ किलो १०० ग्रॅमवर आला की हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. बस, तिथे थांबायचं. गरम भांडं थेट काट्यावर ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणा.

काटा नसेल तर बशी. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर चमचाभर टाका, दोन मिनिटं थांबा. कडेने पाण्याची फिकट रिंग सुटली तर अजून आटायचंय. रिंग नाही आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, तर तयार. पुरणात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं म्हणतात. इथे ते उभं राहायची वाट बघितलीत तर तुम्ही पेरादीच्या वाटेला लागलात, कारण गार झाल्यावर हे आणखी घट्ट होतं. चुकून तसं झालंच तर गरम सफरचंदाचा रस दोन-दोन चमचे घालून सैल करता येतं.

मसाला आधी का नाही?

दोन कारणं. दालचिनी-लवंगेचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो. दोन तास वाफेवर ठेवलं तर स्वयंपाकघर दरवळतं आणि बरणी मुकी राहते. दुसरं, सुरुवातीला गर १ किलो ७०० ग्रॅम असतो आणि शेवटी १ किलो १०० ग्रॅमच उरतो. तेव्हा बेताची वाटलेली लवंग आता दीडपट तीव्र होते आणि जीभ बधिर करते. म्हणून मसाला शेवटच्या १५ मिनिटांत, आणि लवंग मोजूनच. दालचिनीची पूड हात सैल सोडून घातली तर गर बुळबुळीत होतो, कारण ती पाणी धरून चिकट बनते. अख्खा मसाला पुरचुंडीत बांधून सोडलात तर तो अर्धा तास आधी टाका, चव गोलाई घेऊन येते.

'पण दारू तर उकळून उडून जाते ना?'

ही समजूत एका खऱ्या गोष्टीवर उभी आहे: मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पाणी १०० ला. पण हा हिशेब दोघं वेगवेगळ्या भांड्यांत असतील तेव्हाचा. एकत्र मिसळले की एकमेकांना धरून राहतात. दादरला उतरायचं असलेला माणूस कल्याणच्या गर्दीत मधोमध अडकावा तसं. काही उतरतात, काही पुढे जातात.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा यावर तक्ता आहे. गरम पदार्थात दारू नुसती ढवळली तर सुमारे ८५ टक्के मद्यार्क राहतो. १५ मिनिटं मंद शिजवली तर ४० टक्के, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. शून्य कुठेच नाही.

आता आपल्या बरणीचा हिशेब. भारतीय रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीत मद्यार्क सुमारे २५.७ मिली, त्यातला ८५ टक्के म्हणजे जवळपास २२ मिली. १ किलो १०० ग्रॅमचे १५ ग्रॅमचे चमचे होतात ७३. दर चमच्यात ०.३ मिली. ३० मिलीच्या पेगात १२.८ मिली असतो, तेव्हा एका पेगाची बरोबरी करायला चाळीसहून अधिक चमचे खावे लागतील. नशा येणार नाही. पण 'दारू नाही' असंही म्हणता येत नाही. लहान मुलं, गर्भवती, दारू सोडलेली माणसं, आणि विशेषतः दारू सुटण्यासाठी डायसल्फिराम घेणारे, यांच्यासाठी वेगळी बरणी काढा आणि रमच्या बरणीवर ठळक लिहा. बिनदारूच्या बरणीत रमच्या जवळ जाणारी चव हवी असेल तर दोन छोटे चमचे काकवी घाला. रमही अखेर उसाचीच लेक.

मग घालायची कशी?

सगळ्यात शेवटी. मसाल्यातली बरीच सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा मद्यार्कात चांगली विरघळतात, म्हणून चार चमच्यांनीही दालचिनी पुढे येते. तीच रम सुरुवातीला घातलीत तर पैसे वाफेत गेले.

गॅस पूर्ण बंद करा आणि भांडं शेगडीवरून खाली घ्या. मद्यार्काची वाफ पेट घेते, पेटत्या गॅसशेजारी बाटली कलंडवण्यात शहाणपण नाही. दोन मिनिटं थांबा, नाहीतर रम पडताच गर फसफसून वर येतो. बारीक धारेने घालत ढवळा. पुन्हा मंद आचेवर दोन मिनिटं, आणि लगेच बरण्यांत.

वोडका घालू नका, तिला देण्यासारखा वास नाही. क्रीम लिकर तर मुळीच नको, आंबट गरात तिचं दूध फाटतं.

'दारू आहे म्हणजे टिकेल'

नाही. मद्यार्काने जंतू रोखायचे तर तो साधारण २० टक्क्यांच्या घरात लागतो. इथे तो जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. टिकवण्याचं काम आम्ल, साखर, उष्णता आणि थंडी करतात. रम वासासाठी आहे, तिच्यावर राखणीचा भार टाकू नका.

गरम पाण्यात धुऊन दहा मिनिटं उकळलेल्या बरण्यांत बटर उकळतं असतानाच भरा, वर ६ मिलिमीटर जागा सोडा. फ्रीजमध्ये तीन-चार आठवडे नीट राहतं, कोरडा चमचा वापरलात तर. जास्तीचं फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर हरकत नाही. गोठताना फुगतं म्हणून तिथे बोटभर जागा ठेवा. फ्रीजबाहेर फळीवर ठेवायचं असेल तर दोन भागांची खास झाकणं असलेल्या बरण्या लागतात. त्या भरून, झाकण लावून, वर इंचभर पाणी येईल अशा खळखळत्या पाण्यात ठेवायच्या. मुंबईसारख्या समुद्रसपाटीला ५ मिनिटं, पुणे-नाशिकच्या उंचीवर १०, कारण उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं. सरसकट १० धरलेलं बरं. लोणच्याच्या जुन्या बरण्यांवर यासाठी विसंबू नका, त्यांची जागा फ्रीजमध्ये.

विकायचा विचार असेल तर बिनदारूचीच बरणी विका. घरगुती पदार्थालाही अन्न नोंदणी लागतेच, त्यात उत्पादन शुल्क खात्याचं प्रकरण अंगावर घेऊ नये.

दुसऱ्या फळांचं?

नासपतीचं याच मापाने होतं, ब्रँडीशी चांगलं जमतं, फक्त लिंबू वाढवा. पेरूचं फार छान होतं. बियांमुळे दोनदा गाळावा लागतो. त्यात काजूची फेणी घालायची असेल तर ३० मिलीवर थांबा. तिचा वास रमसारखा मागे बसत नाही, खोलीत आधी शिरतो.

केळं, पपई, चिकू, अंजीर आणि लाल भोपळा यांची गोष्ट वेगळी. यांच्यात आम्ल कमी असतं. आंबटपणा मोजायच्या पीएच मापात आकडा ४.६ च्या वर गेला की बंद बरणीत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वास-चवीवरून कळेलच असं नाही. ही बटरं चवीला उत्तम, पण ती आठवडाभरात संपवायची किंवा गोठवायची. भोपळ्याचं घरी बरणीबंद करून फळीवर ठेवू नये, लिंबू पिळलं तरी.

रम घातल्यावर लगेच चाखून हळहळू नका. पहिल्या दिवशी तिचा वास वेगळा, टोचरा लागतो, लवंगही पुढे पुढे करते. बरणी फ्रीजमध्ये ढकला आणि तिसऱ्या दिवशी उघडा.